हवा कुठं जातेय?

हुमनाबादच्या वेशीबाहेर आलं की आधी डिझेलचा वास येतो, मग मिरची भज्यांचा. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि नांदेडकडून बिदरवरून कलबुर्गीकडे उतरणारा ५० क्रमांकाचा महामार्ग यांची इथं गाठ पडते. त्यामुळं इथं थांबणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचण्यातच करमणूक होते. केए ३८ म्हणजे बिदर, ३९ भालकी, ५६ बसवकल्याण, ३२ कलबुर्गी. मधूनच लातूरची एमएच २४, सोलापूरची १३, आणि तेलंगणातल्या गाड्या तर मोजायलाच नकोत.

एप्रिलची दुपार, दीड वाजलाय. रस्त्याच्या कडेनं पत्र्याच्या शेडांची रांग. पंक्चरवाला, रेडिएटरवाला, कमानपाटेवाला, पंप-नोझलवाला. पाट्यांवर वर कन्नड, खाली उर्दू, कुठं कोपऱ्यात मराठी. पत्रे इतके तापलेत की शेडखालची सावली नुसती नावाला आहे. शेवटच्या शेडसमोर सात-आठ गाड्या उभ्या आहेत, बहुतेकांची बॉनेट उघडी. हा डिझेलवाल्या मिस्त्रींचा अड्डा. पोरं त्यांना उस्ताद म्हणतात, गिऱ्हाइकं चाचा म्हणतात.

बसायला एका क्रूझरची काढून ठेवलेली मागची सीट आहे. रेक्झिन फाटलंय, स्प्रिंग टोचते. बाजूला माठ, माठावर उलटा स्टीलचा पेला. "बर्री, कुंदर्री," म्हणत एक पोरगा सीटवरची धूळ फडक्यानं झटकतो आणि तेच फडकं खांद्यावर टाकून परत गाडीखाली शिरतो. नंबर लागलेला नाही, टोकन नाही. कोण आधी आलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरीही प्रत्येक जण चाचांच्या नजरेत राहील असाच उभा आहे.

रांगेत सगळ्यात पुढं एक क्रूझर आहे, भालकी ते बसवकल्याण वडाप करणारी. चाचा तिच्या एअर फिल्टरच्या डब्याच्या चिमट्या उघडतात, फिल्टर बाहेर काढून टायरवर आपटतात. खाली मातीचा छोटा ढीग होतो. ती माती तांबडी आहे. बिदरचं पठार जांभ्या दगडाचं, तिकडं धावणाऱ्या गाडीचा फिल्टर असाच तांबडा निघतो. कलबुर्गीच्या काळ्या रानातून येणाऱ्या गाड्यांचा फिल्टर राखाडी असतो, आणि पौष-माघात तुरीची रास चालू असताना त्यात भुसकटही सापडतं. "हे घालून श्वास कसा घेणार ती?" चाचा ड्रायव्हरला विचारतात. तो हसतो. नवा फिल्टर बसतो, क्रूझर निघते. सगळ्याला दहा मिनिटं लागतात. असली गिऱ्हाइकं चाचांना आवडत नाहीत हे उघड दिसतं. त्यात डोकं लावायला काही नसतं.

आता उदगीरची गाडी. एक जुनी डिझेल एसयूव्ही, पांढरी, पंधरा उन्हाळे खाल्लेली. आत चौघं. चाळिशीचे भाऊ, त्यांची बायको, शाळकरी मुलगा आणि म्हातारी आई. पहाटे गाणगापूरला भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान झालंय, निर्गुण पादुकांचं दर्शन झालंय. आता इथंच हुमनाबादला लागून असलेल्या माणिकनगरला माणिकप्रभूंच्या समाधीला जायचं आणि भालकीमार्गे घरी. मराठवाड्यातल्या दत्तभक्तांची ही नेहमीची वाट. आई मागच्या सीटवर दार उघडं टाकून बसल्यात. मांडीवर प्रसादाची पिशवी, हातात वर्तमानपत्राची घडी, तिचाच पंखा.

"चाचा, गाडी ओढतच नाही," भाऊ सांगतात. "सपाटीला बरी पळते. कमलापूर सोडलं, चढ लागला अन् दमच गेला तिचा. तिसऱ्या गिअरवर आणली. मागं बघतो तर नुसता धूर."

कलबुर्गी समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, हुमनाबाद सहाशेच्या पुढं. साठेक किलोमीटरच्या वाटेत गाडी दोनशे मीटरच्या आसपास वर चढते. डोळ्यांना हा चढ फारसा दिसत नाही. इंजिनाला दिसतो.

"धूर कसला? काळा का निळा?"

"काळा."

"ऑइल कमी होतंय?"

"नाही. गेल्या महिन्यात बदललं, काटा तिथंच आहे."

"शिट्टी?"

भाऊ विचारात पडतात. उत्तर मुलगा देतो. "फुस्स असा आवाज येतोय. पप्पांनी जोरात पळवली की."

चाचा पहिल्यांदा त्या मुलाकडं बघतात. मग बॉनेट उघडायची खूण करतात.

भाऊंच्या खिशात एक कागद आहे. तो काढून ते चाचांना दाखवतात. वाटेत एका गॅरेजमध्ये दाखवलं होतं, तिथं टर्बो गेला म्हणून सांगितलंय. खाली आकडा लिहिलाय, पस्तीस हजार. चाचा कागद वाचतात, घडी घालून परत देतात. काही बोलत नाहीत.

टर्बो म्हणजे दोन चाकं आणि त्यांना जोडणारा बोटाएवढा दांडा. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चाक फिरवतो. दुसरं चाक बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त तर डिझेल जास्त जाळता येतं, डिझेल जास्त तर ओढ जास्त. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या अभियंत्यानं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. प्रवासी मोटारीत डिझेलबरोबर टर्बो यायला १९७८ उजाडलं, ती गाडी मर्सिडीजची. आपल्याकडं २००२ची स्कॉर्पिओ, २००५ची इनोव्हा, २००७ची डिझेल स्विफ्ट यांच्यामागून टर्बो तालुक्याच्या गावापर्यंत आला. त्या पिढीतल्या गाड्या आता म्हाताऱ्या झाल्यात. त्यांची इंजिनं ठणठणीत आहेत, भोवतीचं रबर मात्र थकलंय. चाचांच्या शेडसमोरच्या रांगेचं कारण एवढंच.

एक पोरगा स्कॅनर आणतो. काळा डबा, वायर स्टिअरिंगखालच्या सॉकेटात. किल्ली फिरवायची, पण इंजिन सुरू करायचं नाही. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, त्यात एक कोड, पी ०२९९. म्हणजे गाडीच्या मेंदूनं जितकी हवा मागितली तितकी मिळाली नाही. बस, एवढंच. का मिळाली नाही हे कोड सांगत नाही. कागदावरचा पस्तीस हजाराचा आकडा याच चार अंकांवरून आलेला असणार, असं मला वाटतं.

चाचा कोड पुसत नाहीत. आधी दुसरा आकडा बघतात. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमधला दाब ९४ किलोपास्कल. बाहेरच्या हवेचा दाबही ९४. "सेन्सर खरं बोलतोय," ते पोराला सांगतात. इंजिन बंद असताना आत-बाहेर दाब सारखाच असायला हवा. मुंबईत समुद्राकाठी हाच आकडा १०१ दिसेल, इथं पठारावर हवा पातळ. सेन्सरवर काजळी बसून तोच खोटं बोलत असेल तर पुढचं सगळं काम फुकट जातं. म्हणून त्याची साक्ष आधी.

मग फेरी. चाचा चालवायला, भाऊ शेजारी, पोरगा स्कॅनर मांडीवर घेऊन मागं, त्याच्या बाजूला मी. आई आणि सूनबाई सीटवर, माठाजवळ. मुलाला यायचंय, त्याला कुणी अडवत नाही. कलबुर्गीच्या दिशेला थोडं पुढं गेल्यावर रस्ता मोकळा होतो. तिसरा गिअर, काटा दीड हजारावर, आणि चाचा पाय पूर्ण दाबतात. गाडी कण्हते. पोरगा मोठ्यानं वाचत जातो. मागणी १८०, मिळाले १२५. मागणी २१५, मिळाले १४८. आरशात काळा पट्टा उठतो. आणि पुढून, डाव्या बाजूनं, तो फुस्स आवाज. पाय उचलला की थांबतो.

गाडी कडेला घेऊन चाचा डॅशबोर्डवरच्या धुळीत बोटानं हिशेब मांडतात. २१५मधून बाहेरचे ९४ वजा, उरले १२१. एवढं टर्बोनं द्यायला पाहिजे. १४८मधून ९४ गेले, उरले ५४. "निम्मीसुद्धा हवा पोचत नाही. पण टर्बो फिरतोय, नाहीतर ५४ बी नसते." भाऊ त्या धुळीतल्या आकड्यांकडं बघत राहतात. गाडी धुवायला झालीय हेही त्यांच्या लक्षात येत असावं.

काळ्या धुराचाही उलगडा होतो. एअर फिल्टरपाशी हवा मोजली जाते, त्या मापानं डिझेल सुटतं. मोजलेली हवा पुढं वाटेत कुठं तरी बाहेर गेली, तर डिझेल जादा होतं, नीट जळत नाही, काळं होऊन मागून निघतं. धूर निळा असता तर चाचांनी टर्बोकडंच आधी बघितलं असतं, कारण निळा धूर ऑइलचा.

परत शेड. आता वेळ लागणार हे सगळ्यांना कळलंय. समोरच्या टपरीवरून चहा येतो, काचेच्या छोट्या पेल्यांत, सोबत कागदावर सुशीला. कुरमुरे, कांदा, शेंगदाण्याचं कूट, वर लिंबू. आई घेत नाहीत, त्यांचा गुरुवार आहे. मुलगा त्यांच्या वाटणीचंही खातो.

बॉनेटखाली अजून आगीसारखं तापलेलं आहे. तरी चाचा आधी एक सोपं काम करून घेतात. "चालू कर," ते पोराला सांगतात आणि टॉर्च टर्बोच्या बाहेरच्या, त्याचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर धरतात. इंजिन सुरू होतं, दांडा सेंटीमीटरभर आत ओढला जातो. इंजिन बंद, दांडा सावकाश बाहेर. म्हणजे व्हॅक्यूम पोचतोय. खात्री करायला ते बारीक नळी उपसतात, तिथं हातपंप लावतात. चार दाबांत सुई वीस इंचांवर. मग सगळे सुईकडं बघत उभे. मिनिट जातं. सुई हलत नाही. हा दांडा ओढणाऱ्या अॅक्च्युएटरचा पडदा फाटलेला नाही, दांडाही काजळीत अडकलेला नाही.

"मागच्या आठवड्यात एक पिकअप आलती," पोरगा मला हळूच सांगतो. "तिची ही नळी उंदरानं खाल्लेली. टर्बो खोलून ठेवलता त्यांनी." नळी वीतभर. ती किती रुपयांना येते हे मी विचारतो. तो खांदे उडवतो, चाचांनी पैसेच घेतले नव्हते म्हणतो.

आता टर्बोच्या तोंडावरचा पाइप निघतो. चाचा दोन बोटं आत घालून चाक फिरवतात. चाक गुळगुळीत फिरतं, कुठं घासत नाही. मग चाकाच्या दांड्याचं टोक धरून वर-खाली हलवतात. किंचित हलतं. मला दचकलेलं बघून म्हणतात, "एवढं पाहिजेच. तो ऑइलवर तरंगत असतो." मग आत-बाहेर ढकलतात. तिथं काही हालचाल नाही. आत-बाहेर हलला असता तर खेळ संपला होता. टॉर्चच्या उजेडात पात्यांच्या कडा दिसतात, धारदार, एकही दात पडलेला नाही.

खराब टर्बो कसा असतो ते बघायचं असेल तर टेबलावर एक पडलाय. त्याचं चाक कवचाला घासून घासून कडा झिजल्यात, दांडा निळा-जांभळा पडलाय. हा दांडा मिनिटाला दीड लाख फेरे आणि त्याहून जास्त फिरतो, आणि त्याला सांभाळतो फक्त ऑइलचा पातळ थर. ऑइल येतं पेन्सिलीहून बारीक नळीतून. लांबचा चढ चढून आल्या आल्या किल्ली बंद केली, की ऑइल थांबतं, तापलेला टर्बो मात्र तापलेलाच राहतो. नळीत उरलेलं ऑइल जळून कोळसा होतं. असं वर्षभर केलं की नळी बुजते. मालकानं नवा टर्बो घातला, नळी जुनीच ठेवली, नवाही दोन महिन्यांत गेला. टेबलावरचा तो दुसरा आहे. चाचा हे सांगताना रागावल्यासारखे दिसतात.

अडीच वाजलेत. वीज जाते. पंखा थांबतो, कंप्रेसर थांबतो. शेजारच्या शेडमधली वेल्डिंगही थांबते आणि एकदम लक्षात येतं की इतका वेळ आपण किती ओरडून बोलत होतो. सगळे सावलीला. चाचा जमिनीवर उकिडवे बसून सुपारी कातरतात. एक ट्रकवाला येऊन तेलुगूत काही विचारतो, चाचा दखनीत उत्तर देतात, पोरगा कन्नडमध्ये दर सांगतो, आणि सौदा मराठीत मोडतो. आई झोपल्यात. वर्तमानपत्राची घडी छातीवर.

पाऊण तासानं वीज येते.

खरी परीक्षा आता. चाचांच्या पेटीतून नायलॉनची एक जाड चकती निघते. त्यांनी ती लेथवर करून घेतलीय. मधोमध भोक, भोकात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. चकती टर्बोच्या तोंडावरच्या रबरात बसते, वरून क्लिप आवळली जाते. कंप्रेसरची नळी व्हॉल्व्हला. "पंधरा पौंड. वर नको," चाचा बजावतात. जास्त दाबानं चांगले सांधेही सुटतात. पोरगा हवा सोडतो.

सगळे गप्प. रस्त्यावरून एक टँकर जातो, तो जाईपर्यंत चाचा हात वर करून थांबतात. मग कान लावतात.

फुस्स.

"हेच!" मुलगा ओरडतो.

आवाज आहे, पण जागा सापडत नाही. वरून सगळं कोरडं, साबूत. पोरगा बंपरखालचं झाकण काढतो, पाठीवर झोपून आत सरकतो. हातात साबणाच्या पाण्याची बाटली, झाकणाला भोकं पाडलेली. टर्बोकडून हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडं जाणारा मनगटाएवढा रबरी पाइप तो भिजवत जातो. वळणाच्या खालच्या अंगाला, क्लिपच्या दोन बोटं आधी, फेस उसळतो. मोठे बुडबुडे, एकामागं एक. मी वाकून बघतो. पाइपाच्या त्या भागावर तेलकट धुळीचा काळा थर आहे, बाकी पाइप नुसता मळका. चाचा कंप्रेसर बंद करायला सांगतात. फेस बसतो आणि चीर नाहीशी होते. बोटानं चाचपडलं तरी लागत नाही. हवा परत सोडली की ओठ उघडावेत तशी ती उघडते, बोटाच्या दोन पेरांएवढी.

म्हणून सपाटीला गाडी बरी पळत होती. सपाटीला दाब कमी, चीर मिटलेली. चढावर पाय दाबला, दाब वाढला, चीर उघडली, हवा बाहेर.

पाइप निघतो. आत बोट फिरवलं तर ऑइलचा पातळ थर लागतो. भाऊ घाबरतात. चाचा मान हलवतात. इंजिनाच्या श्वासाबरोबर येणारं एवढं ऑइल चालतं, पाइप उलटा केल्यावर धार लागली असती तर गोष्ट वेगळी. पण हेच ऑइल रबर फुगवतं, मऊ करतं. वर बॉनेटखालची उष्णता, खाली आपला उन्हाळा. इतकी वर्षं टिकला हेच पुष्कळ.

नवा पाइप शेजारच्या पार्टवाल्याकडं नाही. पोरगा मोटारसायकल काढतो, गावात जातो. पुन्हा वाट बघणं. पाइपाला पट्टी चिकटवून चालेल का, भाऊ विचारतात. माणिकनगरापर्यंत चालेल, उदगीरपर्यंत नाही, असं उत्तर मिळतं. अर्ध्या तासानं पोरगा पाइप गळ्यात अडकवून परत येतो. दोन्ही टोकांच्या जुन्या क्लिपाही बदलल्या जातात. त्यांच्या पट्ट्यांचे दात झिजलेत. पुन्हा चकती, पुन्हा पंधरा पौंड, पुन्हा साबण. फेस नाही.

आता कोड पुसला जातो. दुसरी फेरी, तोच रस्ता, तोच तिसरा गिअर. यावेळी पाठ सीटला टेकते. मागणी २१५, मिळाले २१२. आरशात रस्ता स्वच्छ. भाऊ काही न बोलता चाचांच्या मांडीवर थाप मारतात.

पाइप, दोन क्लिपा, मजुरी. सगळं मिळून दोन हजारांच्या आत. पस्तीस हजारांचा कागद भाऊंच्या खिशातच आहे. तो फाडावा असं त्यांना वाटत असेल, पण ते त्याच्या मागं चाचांचा नंबर लिहून घेतात. आई प्रसादाची पिशवी उघडतात, चाचांच्या हातावर खडीसाखर ठेवतात. चाचा ती डोळ्याला लावून तोंडात टाकतात आणि पुढच्या गाडीचं बॉनेट उघडतात. साडेचार झालेत, अजून पाच गाड्या आहेत.

तुमची गाडी दहा वर्षांपुढची असेल, चढावर काळा धूर सोडून मागं पडत असेल आणि कुणी कोड वाचून टर्बो बदलायला सांगत असेल, तर त्याला आधी पाइपात हवा भरून साबणाचं पाणी मारायला सांगा आणि तेव्हा स्वतः समोर उभे राहा. टर्बो खरंच गेला असेल, तर नवा बसवताना ऑइलची बारीक नळीही नवीच घाला. आणि लांबचा चढ संपवून थांबलात की किल्ली बंद करण्याआधी मिनिटभर इंजिन चालू ठेवा.